ब्रेयरचे घोडे: ओरिजनल डबा की झाकणाचा प्लास्टिक बॉक्स?

ब्रेयर या अमेरिकन कंपनीचे मॉडेल घोडे जमवणाऱ्यांना ते कशात ठेवायचे हा प्रश्न पडतोच. त्यातले ट्रॅडिशनल साइजचे घोडे म्हणजे 1:9 स्केलचे (खऱ्या घोड्याच्या नवव्या हिश्शाचे), आणि हे बहुतेक एका प्रकारच्या प्लास्टिकचे, म्हणजे सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असतात, हे आधी डोक्यात ठेवा कारण सगळा फरक तिथेच पडतो.

ओरिजनल खिडकीवाला डबा दिसायला भारीच, विकायच्या वेळी डब्यासकट पीसला भाव जास्त मिळतो, आणि आत घोडा पट्ट्यांनी बांधलेला असल्याने हलत नाही. पण जागा प्रचंड खातो, पुठ्ठा ओल धरतो, आणि खिडकीतून ऊन आलं की रंग उडतो. पट्ट्या वर्षानुवर्षं तशाच ठेवू नका हां, पायाजवळ रंगावर वळ उठतात.

प्लास्टिकचा मोठा बॉक्स धूळ आणि पाणी अडवतो, एकावर एक रचता येतो, पण घट्ट झाकण लावलं की हवा कोंडते आणि अ‍ॅसिटेटला तेच बाधतं, जुना पीस खराब होऊ लागला की व्हिनेगरसारखा वास येतो, आणि तो वास आत कोंडला तर खराबी अजून वेगाने वाढते. असा घोडा लगेच बाकीच्यांपासून वेगळा काढा. बबल रॅप थेट रंगाला लावू नका, उन्हाळ्यात गोल गोल ठसे उमटतात. आधी अ‍ॅसिड-फ्री टिश्यू (आम्ल नसलेला पातळ कागद), कान, शेपटी आणि चारही पाय वेगवेगळे गुंडाळून, मग वरून बबल रॅप.

माझं मत, नवीन आणि पुढेमागे विकायचे घोडे ओरिजनल डब्यात, कपाटात अंधारात. बाकीचे प्लास्टिकमध्ये, झाकण थोडं सैल ठेवून. माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत मात्र दोन्ही नकोत, उष्णतेने पाय वाकतात.