आठ महिने मीटर गेजवर: दा नांग ते ह्वे गाडीचा अनुभव, मित्रांसकट

नोकरीनिमित्त व्हिएतनाममधल्या दा नांगला येऊन मला आठ महिने झाले. तेवढ्यात ह्वे या जुन्या राजधानीला सात वेळा जाऊन आले, एकदा ‘डोंग होय’ या शहराला गेले, एकदा रात्रभर बसून सायगाव, म्हणजे हो ची मिन्ह शहर, गाठलं आणि एकदा हनोईहून परतले. सगळं इथल्या आगगाडीनं. बस नको, गाडीच कर, हे मी ऑफिसात इतक्यांदा सांगितलंय की मला कमिशन मिळत असावं असा लोकांना संशय आहे.

पण आपलं मत किती टिकाऊ आहे ते पाहुणे आल्यावर कळतं. फेब्रुवारीच्या शेवटी माझे तीन शाळेपासूनचे मित्र आले. एक मास्तर, अकोल्याला इतिहास शिकवतो. एक डॉक्टरीण, पुण्यात लोकांचे दात काढते. आणि बारक्या, ज्याचं अकोटला बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि गळ्यात तुळशीची माळ. मी म्हटलं, उद्या गाडीनं ह्वेला जायचं, एकशे तीन किलोमीटर. बारक्यानं विचारलं, "किती वेळ?" मी सांगितलं, तीन तास धरून चल. "बोगद्यातून मोटारीनं?" दोन. "मंग गाडीनं काऊन जायचं बाप्पा?"

तर हा अनुभव त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी.

गाडी मंद आहे, हे आधीच कबूल. हनोई ते सायगाव हा सगळा 1,726 किलोमीटरचा रस्ता मीटर गेज आहे, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर, आणि बहुतेक एकेरी. फ्रेंचांनी तो तुकड्यातुकड्यानं बांधत 1936 साली पुरा केला, मग देशाच्या उत्तर-दक्षिण फाळणीत आणि युद्धात तो तुटला, आणि देश एक झाल्यावर 1976 च्या शेवटी गाड्या पुन्हा टोकापासून टोकापर्यंत धावल्या. म्हणून तिला अजून ‘एकीकरणाची गाडी’ म्हणतात. वीज नाही, डिझेलची इंजिनं आहेत. समोरून गाडी यायची असेल तर आपली बाजूच्या रुळावर उभी राहते. मी मूळची अकोटची. खंडवा गाडी 2017 च्या सुरुवातीला बंद पडेपर्यंत आमच्या दारात मीटर गेजच होतं, त्यामुळे क्रॉसिंगला थांबलेल्या गाडीचा मला राग येत नाही. पुण्याच्या डॉक्टरणीला येतो. तिनं पहिल्या थांब्याला घड्याळ पाहिलं, दुसऱ्याला माझ्याकडे पाहिलं.

आता तिकिटाचं. रेल्वेचं स्वतःचं संकेतस्थळ आहे, इंग्रजीत चालतं, प्रत्येकाचा पासपोर्ट क्रमांक टाकावा लागतो. तिकीट मोबाईलवर येतं, त्यावरचा क्यूआर कोड दाखवायचा. पहिल्या खेपेला मी घाईत एका मध्यस्थाच्या संकेतस्थळावरून तिकीट काढलं आणि जवळजवळ दीडपट पैसे मोजले. ती चूक करू नका. डोंग या इथल्या चलनातल्या किमतीचा हिशेब असा करा: शेवटची तीन शून्यं उडवायची आणि उरलेल्याला सव्वातीननं गुणायचं, साधारण रुपये येतात. ह्वे आणि दा नांगच्या मध्ये 2024 च्या मार्चपासून एक खास पर्यटक गाडी सुरू झाली, तिचं तिकीट सुरुवातीला दीड लाख डोंग होतं, म्हणजे आपले पाचशेच्या आसपास. तिच्यात एक मोकळा डबा असतो, ह्वेची गाणी होतात, खायला मिळतं, आणि लांग को स्टेशनवर फोटोसाठी मुद्दाम थांबते. पाहुण्यांना घेऊन जायचं तर हीच. मी एकटी असले तर साधी लांब पल्ल्याची गाडी घेते, कारण त्यात गाणी होत नाहीत.

बसायचं कुठं? दा नांगहून ह्वेला जाताना उजवीकडे, येताना डावीकडे. समुद्र तिकडेच आहे. दुसऱ्या बाजूला बसलात तर अर्धा वेळ डोंगराचा कातळ आणि झुडपं. आणखी एक गंमत म्हणजे दा नांग हे शेवटच्या टोकाचं स्टेशन आहे, लांबच्या गाड्या आत येतात आणि तोंड फिरवून बाहेर पडतात, आपल्याकडे दौंडला मनमाडकडच्या गाड्यांचं व्हायचं तसं. शिवाय गादीच्या बैठकीच्या डब्यात काही आसनं उलट्या तोंडाची असतातच. तेव्हा तिकिटावरच्या क्रमांकावरून आपण कुठे तोंड करून बसणार याचा अंदाज बांधायला जाऊ नका.

शहर सुटलं की हाय वानचा घाट लागतो. हाय म्हणजे समुद्र, वान म्हणजे ढग, आणि बहुतेक वेळा दोन्ही हजर असतात. मोटारींसाठी 2005 साली सहा किलोमीटरहून लांब बोगदा झाला, त्यामुळे मोटारीतला माणूस हा सगळा भाग अंधारात पार करतो. रेल्वेला ती सोय नाही. ती डोंगराच्या कडेकडेनं, छोटे छोटे बोगदे घेत, समुद्राच्या अगदी वरून वळत जाते. चढ असल्यानं गाडीला मागून दुसरं इंजिन ढकलतं, कर्जतला बोरघाटासाठी बँकर लावतात तसं. वळणावर आपल्याच गाडीचं पुढचं इंजिन आणि मागचं इंजिन दोन्ही एका वेळी दिसतात. खाली माणूस नसलेल्या पांढऱ्या वाळूच्या लहान लहान पुळणी आहेत, तिथं उतरायला रस्ता दिसत नाही. मास्तर खिडकीला नाक लावून बसला होता. धूळघाटला मेळघाटातून आमची जुनी गाडी स्वतःच्याच रुळावरून फेरा मारून वर चढायची, ते आम्ही दोघांनीही शाळेच्या सहलीत पाहिलेलं. तो एकदम म्हणाला, "हे तं आपली खंडवा गाडीच हाय बे, फक्त वाघाच्या जागी समुद्र." बारक्यानं तोवर घड्याळ बघणं सोडलं होतं. डॉक्टरणीनं नव्हतं, पण तिनं मोबाईल खिडकीबाहेर धरला होता, एवढी प्रगती.

खाण्याकडे येते, कारण वाचणाऱ्यांतले निम्मे लोक तेच शोधत असतील. गाडीत ढकलगाडी फिरते. तिच्यावर भाताची पेज असते, पण तिच्यात मांस असतं, उकडलेलं कणीस असतं, अंडी, बिअर, पाकिटातल्या शेवया. शाकाहाऱ्यानं कणसावर जगायची तयारी ठेवावी. लांबच्या प्रवासासाठी माझी युक्ती सांगते: डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो. घरून आणलेले झटपट पोहे आणि मेतकूट एका झाकणाच्या डब्यात ठेवायचं, पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकायचं. सायगावच्या रात्री माझ्या शेजारच्या आजीबाईंनी ते पोहे चाखले आणि बदल्यात तिखट-मीठ लावलेली कच्ची कैरी दिली. व्यवहार फायद्यात.

त्याच आजीबाईंनी मला ओळखीपाळखीच्या आधी वय विचारलं. इथं ‘तू’ आणि ‘तुम्ही’वर भागत नाही. समोरचा आपल्यापेक्षा किती मोठा ते कळल्याशिवाय सर्वनामच ठरत नाही: ताई, दादा, आत्या, आईवडिलांहून मोठे असले तर वेगळा शब्द. वय विचारणं उद्धटपणा नाही, व्याकरण आहे. मी चौतीस सांगितल्यावर त्यांनी मला लेकीच्या खात्यात टाकलं आणि रात्री माझ्या पायांवर पांघरूण ओढलं.

ह्वे शहर मात्र शाकाहाऱ्यांचं माहेर आहे. ‘चाय’ हा शब्द पाठ करा. त्याचा चहाशी काही संबंध नाही, चाय म्हणजे शाकाहारी. बारक्यानं पहिल्यांदा ‘कोम चाय’ अशी पाटी वाचून विचारलं की इथं भातासोबत चहा देतात का. बौद्ध विहारांचं गाव असल्यानं इथं साध्या गल्लीतही चाय खानावळ सापडते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला बरेच लोक मांस-मासळी सोडतात, त्या दिवशी तर गर्दी असते. आमची पौर्णिमा पडली. बारक्यानं जाहीर केलं की यांची एकादशी चार दिवस उशिरा येते, बाकी सगळं आपल्यासारखंच. टॅपिओकाच्या पिठाचे, केळीच्या पानात वाफवलेले पारदर्शक चिकट तुकडे असतात, ‘बान लोक’. एरवी आत कोळंबी असते, चाय खानावळीत अळंबी. साबुदाण्याचा मोदक वळला तर असा होईल. त्यानं अकरा खाल्ले. डॉक्टरीण मासे खाणारी, तिनं ‘कोम हेन’ मागवला: नदीतल्या बारीक शिंपल्या, गार भात, शेंगदाणे, पाला आणि मिरचीचा ठेचा. तिसऱ्यांवर वाढलेल्या माणसालाही ती मिरची रडवते. आणि मिठाची कॉफी, ती ह्वेचीच. वर खारट सायीचा थर, खाली कडू कॉफी. पहिल्या घोटाला चूक वाटते, तिसऱ्याला दुसरी मागवावीशी वाटते.

बाहेरगावच्या माणसानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ह्वेचं स्टेशन नदीच्या दक्षिण काठाला आहे आणि किल्ला उत्तरेला. स्टेशनवर टॅक्सीवाले गराडा घालतात, पण ऊन नसेल तर चालाच. ले लोय रस्ता सुगंधी नदीच्या काठानं जातो, वाटेत क्वोक होक ही 1896 साली सुरू झालेली लाल भिंतींची शाळा लागते. हो ची मिन्ह तरुणपणी इथं शिकत होते. मास्तरनं शाळेच्या फाटकाशी उभं राहून फोटो काढला आणि मग मला हळूच विचारलं, शिवाजी महाराजांचा इथं पुतळा आहे, गनिमी कावा व्हिएतनामींनी महाराजांकडून घेतला, तो फॉरवर्ड खरा का? त्यानं तो वर्गात वाचून दाखवला होता म्हणे. मी सांगितलं, आठ महिन्यांत मला पुतळाही दिसला नाही आणि तसं ऐकलेला माणूसही भेटला नाही. दुपारपर्यंत मास्तर गप्प होता.

किल्ल्यात त्याचा मूड परत आला. न्गुएन घराण्यानं 1802 पासून 1945 पर्यंत इथून राज्य केलं. राजवाड्याचं तिकीट दोन लाख डोंग. तटबंदी फ्रेंच धर्तीची, आतला थाट चिनी दरबाराचा. पण आत गेल्यावर बराच भाग मोकळा दिसतो, नुसती गवतातली जोती. 1947 च्या आगीत आणि मग अमेरिकेशी चाललेल्या युद्धात, 1968 च्या तेतच्या, म्हणजे इथल्या नववर्षाच्या, लढाईत इमारती गेल्या. शनिवारवाडा 1828 मध्ये जळल्यावर जे उरलं ते पाहिलेल्या माणसाला या जोत्यांपाशी काय करायचं ते बरोबर माहीत असतं: इथं काय असेल यावर वाद घालायचा. आम्ही तासभर घातला. नऊ प्रचंड कांस्यकुंभ आहेत, 1830 च्या दशकात ओतलेले, अंगावर देशातल्या नद्या, डोंगर, पिकं, जनावरं कोरलेली. काहींवर गोळ्यांच्या खुणा आहेत. बारक्याला त्यावर फणस सापडला आणि तो एका कुंभाभोवती तीनदा फिरला.

राजांच्या समाध्या गावाबाहेर आहेत, तिथं गाडी करूनच जावं. एका दिवसात तिन्ही मोठ्या करू नका, पाय जातात. एकच करायची तर तु दुक राजाची. तळं, पाइनची झाडं, लाकडी मंडप, आणि राजा जिवंतपणीच तिथं राहून कविता करायचा. ती बांधताना मजुरांचे इतके हाल झाले की 1866 साली त्यांनी चुना कुटायची मुसळं घेऊन बंड केलं. हे मास्तरला सांगितल्यावर त्यानं कवितेची पाटी वाचायचं सोडून दिलं.

तक्रारी आता, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सहाजणांच्या कप्प्यात वरचा बर्थ छताला इतका चिकटलेला असतो की बसता येत नाही, नुसतं सरकता येतं. डब्यांच्या जोडावर उभं राहून लोक सिगारेट ओढतात आणि धूर आत येतो. शौचालय सकाळी सहापूर्वी वापरावं, नंतर माझी जबाबदारी नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य व्हिएतनामात पाऊस असा कोसळतो की रूळ पाण्याखाली जातात, माझी एक फेरी रद्द झाली, पैसे परत मिळाले पण शनिवार गेला. रूळ एकेरी असल्यानं एका ठिकाणी बिघडलं की सगळंच अडतं. 2024 च्या एप्रिलमध्ये दक्षिणेकडे एक जुना बोगदा खचला तेव्हा प्रवाशांना बसनं पलीकडे न्यावं लागलं होतं. आणि ‘होय आन’ या पर्यटकांच्या गावाला रेल्वे नाही, हे दर पाहुण्याला नव्यानं सांगावं लागतं. दा नांगला उतरून तीस किलोमीटर रस्त्यानंच.

आता इथं ताशी 350 किलोमीटरच्या वेगवान गाडीला 2024 च्या नोव्हेंबरमध्ये संसदेनं मंजुरी दिलीय. ती झाली तर सायगाव एका दिवसात होईल, आणि हाय वान बहुधा बोगद्यातून.

परतीला डॉक्टरणीनं मोटार घेतली. दोन तासांत पोचली, वाटेत झोपली, समुद्र दिसला का विचारलं तर म्हणाली, ‘कुठला?’ बारक्या माझ्यासोबत गाडीनंच आला, डावीकडची खिडकी त्यानं सोडली नाही. मास्तरला तर इतकं चढलं की त्यानं विमान सोडून दा नांगहून सायगावपर्यंत रात्रीची गाडी धरली. तिकीट उशिरा काढल्यानं त्याला मिळाला सहाजणांच्या कप्प्यातला वरचा बर्थ. मी आधीच बजावलं होतं. कपाळावरचं टेंगूळ अकोल्याला पोचेपर्यंत उतरलं नव्हतं म्हणे.