गॅलक्सीचा साइज मोजायचाय? गॅलफिट शिकून घ्या

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी गेले तीन महिने रोज गॅलफिट वापरतेय, म्हणून लिहितेय. चिएन पेंग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर, फुकट मिळतं आणि अजूनही जोरात वापरात आहे.

मुळात गॅलक्सीला कडा नसते, उजेड बाहेर जाता जाता विरत जातो, मग पट्टी लावणार कुठे? म्हणून निम्मा उजेड जेवढ्यात मावतो ती त्रिज्या धरतात. गॅलफिट फोटोवर सर्सिक प्रोफाइल (मध्यापासून बाहेर उजेड कसा कमी होतो त्याचं सूत्र) बसवून ती काढून देतं आणि टेलिस्कोपमुळे प्रतिमा जेवढी पसरते तो पीएसएफही हिशोबात घेतं, आणि हे फार महत्त्वाचंय, कारण रेडशिफ्ट २ ची म्हणजे हजार कोटी वर्षांपूर्वीची, तारे बनायचे थांबलेली जड गॅलक्सी घेतली तर तिची त्रिज्या असते एखादा किलोपार्सेक (साधारण सव्वातीन हजार प्रकाशवर्षं), हबलच्या इन्फ्रारेड फोटोत जेमतेम ०.१२ आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक आर्कसेकंद)! पीएसएफची रुंदीच त्याहून जास्त, तो विसरलात तर सगळंच फुगलेलं दिसणार.

आउटपुटमध्ये तीन चित्रं येतात, मूळ फोटो, मॉडेल आणि वजाबाकी करून उरलेलं. मला हे तिसरं सगळ्यात आवडतं. एका गॅलक्सीचा गुळगुळीत उजेड वजा झाला आणि आतून दोन सर्पिल भुजा लख्ख वर आल्या, मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

आता सांभाळायचं काय, तर स्काय, म्हणजे मागचा रिकाम्या आकाशाचा उजेड. मी तो किंचित कमी धरून फिक्स केला आणि सर्सिक इंडेक्स (उजेड मध्याशी किती एकवटलाय नि कडेला किती लांब पसरलाय ते सांगणारा आकडा) ६ च्या वर गेला, त्रिज्या जवळजवळ दुप्पट, दोन आठवड्यांचं काम परत करावं लागलं. कटआउट, म्हणजे फिटसाठी कापलेला फोटोचा तुकडा, मोठा घ्या, आजूबाजूला मोकळं आकाश दिसलं पाहिजे. शेजारचा तारा मास्क करा, म्हणजे हिशोबातून वगळा, नाहीतर सोबतच फिट करा. आणि फिट डॉट लॉग या निकालाच्या फाइलमध्ये आकड्याच्या दोन्ही बाजूंना चांदण्या (*) आल्या असतील तर तो आकडा वापरू नका.

बटणं-बिटणं काही नाहीत, सगळं टेक्स्ट फाइलमध्ये भरायचं, सुरुवातीचे अंदाजही आपणच द्यायचे. पण २०१४ मध्ये आर्येन व्हॅन डर वेल यांच्या टीमने कँडल्स या हबलच्या सर्व्हेतल्या हजारो गॅलक्सी यानेच मोजल्या, आणि दिसलं काय, तर रेडशिफ्ट २ पासून आजपर्यंत, वजन तेच धरलं तर, तारे बनवणाऱ्या गॅलक्सी दुपटीहून थोड्या जास्त वाढल्या आणि थंडावलेल्या पाचेक पट! छोट्या गॅलक्सी गिळून बाहेरच्या भागात तारे साठत जातात हे त्याचं एक मोठं कारण मानतात, दुसरं म्हणजे आधीच मोठ्या असलेल्या गॅलक्सी नंतर थंडावून या थंडावलेल्यांच्या गटात सामील होतात.

शेकड्याने मोजायच्या असतील तर पायमॉर्फ हे सॉफ्टवेअर बघा, आपल्या पुण्याच्या अजित केंभावी, योगेश वाडदेकर वगैरे मंडळींचं, आतून गॅलफिटच चालवतं. पण आधी दहा-बारा हाताने करा, प्रत्येकीचं तिसरं चित्र उघडून बघा.

माझ्याकडून ५ पैकी ४.५.