जिम्नीवर एक पावसाळा काढल्यावर

गाडी मारुती सुझुकी जिम्नी, मॅन्युअल. वापर पुण्यात रोज आणि मावळ-मुळशीकडच्या कच्च्या वाटांवर जमेल तसा. ऑफ-रोडिंग शिकायला ही गाडी कशी, एवढ्यापुरतंच लिहितोय.

1.5 लिटर पेट्रोल इंजिन, 105 पीएस. जोर बेताचाच, आणि नवख्याला तो सोयीचा. चढावर नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबून भागत नाही, चाक कुठून न्यायचं हे आधी ठरवावं लागतं. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, 210 मिमी असला, तरी पाच दरवाज्यांमुळे गाडी लांब झाली आहे. उंचवट्याच्या माथ्यावर पोट टेकायची भीती असते. खोल चाकोरीत उतरण्यापेक्षा दोन्ही बाजूंची चाकं तिच्या कडांवरून न्यावीत. मात्र चिखल झाला की त्याच कडा निसरड्या होतात.

खरी गंमत 4एलमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सावकाश पण ताकदीच्या गिअरिंगमध्ये. गाडी थांबवून, न्यूट्रलला आणून त्याचा वेगळा लिव्हर ओढायचा. खड्ड्यांच्या वाटेत तिरक्या समोरच्या कोपऱ्यांतली (एक पुढचं, एक मागचं) दोन चाकं अधांतरी होऊन नुसती फिरू लागतात. अशा वेळी पाय आपोआप उचलला जातो. उचलायचा नाही. डावं-उजवं चाक एकत्र फिरायला लावणारं डिफरन्शिअल लॉक यात नाही. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जमिनीवरच्या चाकाकडे जोर वळवायचं काम इलेक्ट्रॉनिक्स करतं, आणि त्याला क्षणभर वेळ लागतो. अ‍ॅक्सिलरेटर हलकाच पण एकसारखा धरला की कर्रकर्र आवाज होतो आणि गाडी पुढे सरकते. त्या आवाजावर भरवसा बसायला मला बरेच आठवडे लागले.

उतारावर 4एल, पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला. चढ अर्ध्यात सुटला तर सरळ रिव्हर्समध्येच मागे यायचं. आडवी वळवली की कलंडायचा धोका. कोरड्या डांबरावर आठवणीने 2एच (फक्त मागच्या चाकांना जोर), कारण पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं सेंटर डिफरन्शिअल नाही आणि वळताना ट्रान्समिशनवर ताण येतो.

मऊ मातीत टायरची हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवली की फरक लगेच कळतो. पण डांबरावर येताच परत भरायची, म्हणजे कंप्रेसर हवाच. ओढा लागला की आधी काठी घेऊन पायी उतरतो. नकाशापेक्षा गावातल्या माणसाला विचारलेलं बरं. "काल ट्रॅक्टर फसलाय तिथं" हे तोच सांगतो. एकट्या गाडीने मी जात नाही.

दोर, शॅकल (दोर अडकवायची कडी), फावडं, कंप्रेसर ठेवले की 208 लिटरची डिकी संपते. चौघं मुक्कामी जाणार असाल तर टपावर कॅरिअर धरूनच हिशेब करा.