माल कालवायला मिक्सर: डिझेलचा की मोटरचा?

घराच्या विटकामाला आणि प्लास्टरला अर्ध्या बॅगचा (एका वेळी अर्धी बॅग सिमेंटचा माल कालवणारा) मिक्सर भाड्याने आणायचा, तर बहुतेक जण भाडं आणि डिझेलचा खर्च बघून ठरवतात. मी आधी बघेन की तो चालवणाऱ्याला धोका कुठून आहे. दोन्ही प्रकारांत हा धोका वेगवेगळ्या जागी असतो.

डिझेलच्या मशीनचा धोका सुरू करतानाच. हँडल मारताना इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडू शकतं. म्हणून अंगठा मुठीभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवायचा. डिकॉम्प्रेशनचा खटका (सिलिंडरमधला दाब सोडणारा) उचलून इंजिनाला वेग द्यायचा, मग खटका सोडायचा. हँडलची खाच झिजलेली असेल तर इंजिन पकडल्यावर हँडल सुटत नाही, शाफ्टसोबत गरगरत राहतं. असं मशीन त्याच पावली परत पाठवा. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्यामुळे तळघरात किंवा बंद गाळ्यात डिझेल नकोच. डिझेल भरायचं तेही इंजिन बंद करून, निवल्यावर.

मोटरच्या मशीनला धूर नाही, आवाज कमी, बटण दाबलं की चालू. पण मिक्सरभोवती कायम चिखलपाणी असतं, आणि टेपने जोडलेली वायर त्यातूनच गेलेली दिसते. अखंड वायर, ती बांबूवरून उंच नेलेली, पक्कं अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच), एवढं नसेल तर मोटरचा विचार सोडा. वायर लांब आणि बारीक असली की व्होल्टेज पडतं, भरलेला ड्रम ओढताना मोटर तापते.

सगळ्यात घातकी वेळ लाईट गेल्यावरची. ड्रम थांबतो, बिगारी आत हात घालून चिकटलेला माल खरवडायला लागतो आणि तेवढ्यात लाईट येते. नो-व्होल्ट संरक्षणाचा स्टार्टर असेल तर पुन्हा बटण दाबल्याशिवाय ड्रम फिरत नाही. भाड्याने घेतानाच तपासा: रिकामं मशीन चालू असताना मेन स्विच पाडा, सगळ्यांना लांब उभं करून परत चढवा. ड्रम आपोआप फिरला तर ते मशीन घेऊ नका. स्टार्टर चांगला असला तरी हात घालण्याआधी मेन स्विच पाडायचाच.

पट्ट्यावर आणि पिनियनवर (ड्रम फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकावर) जाळी दोन्हींना हवी. पदर, ओढणी, उपरणं तिथेच ओढलं जातं. फिरत्या ड्रममध्ये फावडं घालायचं नाही. ओला सिमेंट माल कातडी भाजतो, म्हणून रबरी हातमोजे आणि गमबूट.

देखभालीत मोटर सोपी. डिझेलला रोज ऑइलची पातळी बघावी लागते, आणि सिमेंटच्या धुळीने एअर फिल्टर लवकर चोंदतो. ड्रमची निगा मात्र सारखीच. प्लास्टरच्या मालात खडी नसल्यामुळे तो पात्यांना जास्त चिकटतो. आधी थोडं पाणी, मग वाळू आणि सिमेंट टाका. जेवणाच्या सुट्टीआधी आणि संध्याकाळी मूठ-दोन मूठ नव्हे, घमेलंभर खडी आणि पाणी टाकून फिरवा. वाळलेला माल हातोड्याने ठोकून काढला की पत्र्याला पोचे पडतात आणि पुढचा माल तिथेच धरतो.

घराला मीटर असेल आणि काम बरंचसं आतलं असेल तर माझं मत मोटरला. रानातल्या विहिरीला किंवा लाईट नसलेल्या प्लॉटच्या कंपाउंडला डिझेल घ्या. एका बाथरूमच्या दुरुस्तीला दोन्ही नकोत, लोखंडी पत्र्यावर फावड्याने कालवलेला माल पुरतो.