देवराईची फेरी: झाड बघितलं, चहा मात्र गार

सावंतवाडीजवळच्या होमस्टेवाल्यांची देवराई फेरी दिवाळीनंतर केली. जायचं ते चांदकुडा या विषारी चिकाच्या झाडासाठी; इंग्रजीत तोच 'उपास ट्री'. तीस वर्षं इंग्रजी शिकवताना 'उपास ट्री' हा शब्द भेटला की मी 'सगळ्यांना नासवणारा प्रभाव' एवढंच सांगून पुढे जायचे. झाड आपल्याच रानात आहे, हे निवृत्तीनंतर कळलं!

खोड सरळसोट वर गेलेलं, बुंध्याशी फळ्यांसारख्या रुंद आधारमुळांच्या पाख्या. फेरीवर नेणाऱ्या दादांनी गळून पडलेलं पान हातात दिलं: खरखरीत, जुन्या सॅंडपेपरसारखं. खोडाजवळ गेले तशी हाक आली, "बाईनु, चिकाक हात लावू नकात." चीक रक्तात गेला तर हृदयावर घाला घालतो. जावा बेटावर तो बाणांना लावत. या झाडाच्या सालीची पूर्वी पोती करत, हेही दादांनीच सांगितलं.

'उपास' म्हणजे तिकडच्या भाषेत विष, आपल्या एकादशीशी संबंध नाही. १७८३ साली लंडनच्या एका मासिकात छापून आलं, की या झाडाभोवती मैलोन्‌मैल काही जगत नाही. शुद्ध थाप. मी पाहिलं त्याच्या बुंध्याला नेचे होते, आणि आम्ही सावलीत बसून घावणे खाल्ले. थाप मेली, वाक्प्रचार राहिला.

तक्रारी दोन. थर्मासमधला चहा गार, आणि जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी मागितल्यावर मिळाली. वाट निसरडी, गुडघेदुखीवाल्यांनी काठी न्यावी. दादांसाठी पाचपैकी पाच, चहासाठी दोन.