पिस्टन माझे नव्हतेच

आधीच सांगतो, गाडीतलं काहीच न कळणारा माणूस मी नाही. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या घराच्या पोर्चमध्ये पंधरा वर्षं झाली, स्वतःच्या गाडीचं ऑइल मी बदलतो, ब्रेकपॅड मी टाकतो, दुचाकीचा कार्बोरेटर तर गप्पा मारत खोलतो. आणि फसलो तो नेमका त्याच्यामुळं.

गाडी २०१३ ची वॅगनआर. तीन सिलिंडर, ९९८ सीसी, के-टेन इंजिन. मे महिन्यात एका रविवारी जोतिबाच्या चढाला तिनं आचके द्यायला सुरुवात केली. पिकअप मेला, स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. दोनच दिवस आधी वॉशिंगला दिली होती, बॉनेट उघडून प्रेशरनं पाणी मारून घेतलं होतं. या दोन गोष्टी तेव्हाच एकमेकींना जोडल्या असत्या तर हे लिहायची वेळ आली नसती. पण घरात लग्नाची गडबड होती. म्हटलं, चार दिवस गॅरेजला टाकू.

गॅरेज शेजाऱ्यानं सुचवलं. मिस्त्री चाळिशीचा, बोलायला गोड. ट्रायल मारून आला आणि म्हणाला, "साहेब, मिसिंग हाय, आन क्लचप्लेटबी गेलीया." मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर मधेमधे पेटतच नाही.

क्लच? मी म्हटलं, थांबा. गाडी सपाटीला लावली, हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. प्लेट घसरत असेल तर इंजिन नुसतं गुरगुरत राहतं. माझं इंजिन जागच्या जागी बंद पडलं. म्हणजे प्लेट ठणठणीत. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "मानलं साहेब. तुमास्नी काय सांगायचं, तुमी सोता करणारं माणूस."

आज वाटतं, क्लच हा त्यानं मला जिंकायला सोडलेला डाव होता. तो जिंकल्यावर माझी छाती जी फुगली, ती पुढचे नऊ दिवस खाली आली नाही.

मग त्यानं चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढलं. आतून हलका धूर. "बगा, रिंगा गेल्यात." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या. थोडी वाफ चांगल्या इंजिनातनंही येते, हे मला माहीत होतं. पण समोरचा आपल्याला जाणकार म्हणत असताना शंका काढायला जीभ रेटत नाही. पुढं त्यानं एकच प्लग काढून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, लावलं आणि पोऱ्याला स्टार्टर मारायला सांगितलं. इंजिन कसंबसं दोनदा फिरलं असेल. काटा सातावर. "बारा-तेरा पायजे. तुमाला म्हाईतच हाय."

मला माहीत होतं ते एवढंच की बारा-तेरा पाहिजे. टेस्ट कशी करतात हे वाचलेलं, केलेलं नव्हतं. तिन्ही प्लग काढायचे, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवायचा, काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारायचा, आणि आकडे तिन्ही सिलिंडरचे घ्यायचे. एखाद्यात कमी आलं तर त्या भोकातनं चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघायचं. काटा वर गेला तर रिंगा, नाही गेला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. दोन आचक्यांत नव्या कोऱ्या इंजिनाचंही कॉम्प्रेशन पुरतं भरत नाही.

इंजिन काम ठरलं, म्हणजे इंजिन खोलून पिस्टन-रिंगा बदलायच्या. आगाऊ २५ हजार फोनवरनं पाठवले. नऊ दिवसांत मला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो आले, वर्तमानपत्रावर मांडलेले तीन पिस्टन. माझी वॅगनआर त्यातल्या एकाही फोटोत नव्हती, हे लक्षात यायला मला महिना लागला.

गाडी मिळाली तेव्हा इंजिन डिझेलनं पुसून चकाचक केलेलं, आवाज गुळगुळीत, आचके गायब. मी मोठ्या रुबाबात जुने पार्ट मागितले. त्यानं पिशवी तयारच ठेवली होती. एकूण ४१,५०० झाले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "वर जीएसटी १८ टक्के लागंल, बगा." मी वाचवायला गेलो. वहीच्या कागदावर पावती घेतली आणि उरलेले १६,५०० रोख दिले. हा गाढवपणा कुणाच्या माथी मारता येत नाही, तो माझाच.

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला. कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी पुन्हा तशीच थरथरली, पिवळा दिवा पुन्हा लुकलुकला.

या वेळी मात्र मी गॅरेजला गेलो नाही. हजाराच्या आतलं ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, मागवलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलं, मोबाइलवर कोड आला: पी०३०२. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तेच ते मिसिंग. के-टेनला प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉइल असते, एकेका बोल्टची. दोन नंबरची कॉइल काढून तीनवर टाकली, तीनची दोनवर, कोड पुसून टाकला आणि गल्लीत चक्कर मारली. आता कोड पी०३०३. दुखणं कॉइलबरोबर चालत गेलं. रिंगा गेल्या असत्या तर ते दोन नंबरवरच बसून राहिलं असतं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली, हत्यार म्हणाल तर एक दहाचा पाना.

कॉइल हातात घेऊन बॅटरीच्या उजेडात बघितली. खालच्या रबरी नळीवर केसाएवढी पांढरट रेघ, वरपासून खालपर्यंत. ओल आली की ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता त्या रेघेवरनं बाहेर हेडला पळायची. वॉशिंगचं पाणी आणि जूनचा पाऊस, दोन्ही कोडी तिथं सुटली. नवी कॉइल १,८०० ला आली. गाडी आजतागायत नीट आहे.

मग मिस्त्रीनं मधल्या काळात बरं कशानं केलं? नवे प्लग टाकले आणि रबर कोरडं केलं असणार. बास.

रात्री पिशवी काढली. पिस्टन तीन, रिंगा त्यांच्यावरच, काजळी धरलेल्या. मोजायला घरी व्हर्निअर नव्हता. दुसऱ्या दिवशी शिवाजी उद्यमनगरात गेलो. या गावानं मळ्यामळ्यांना ऑइल इंजिनं पुरवली, तिथं पिस्टनकडं नुसतं बघून कूळ सांगणारी माणसं अजून बसलेली आहेत. इंजिनाच्या सिलिंडर-बोरिंगच्या एका जुन्या दुकानात सत्तरीचे मिस्त्री होते. त्यांनी पिस्टन हातात घेतला, अंगठा फिरवला, चष्मा कपाळावर सरकवला.

"पाव्हणं, गाडी कुठली म्हणालासा?"

"वॅगनआर. के-टेन."

त्यांनी मायक्रोमीटर लावला आणि माझ्यापुढं धरला. साडेअडुसष्ट मिलिमीटरच्या जरा खाली. "के-टेनचा बोअर, म्हंजी सिलिंडरचं भोक, ७३. ह्यो त्यात घातलासा तर खुळखुळ्यागत वाजंल. ह्यो आटशेचा हाय."

मारुती ८०० चं इंजिनही तीनच सिलिंडरचं. तीन पिस्टन मोजून घेतले म्हणून मी खूश होतो! म्हाताऱ्यांनी मोजायचे पैसे घेतले नाहीत. उलट म्हणाले, गाडी आणा, इंजिन खोललंय का तेबी बगू. खोललेलं नव्हतं. पिस्टन काढायचे तर हेड, ऑइल संप आणि चेन कव्हर उतरवावंच लागतं, आणि परत बसवताना कडेला नवं सीलंट दिसतं. माझ्या चेन कव्हरच्या खालच्या कडेला, फडकं पोचलं नव्हतं तिथं, दहा वर्षांची तेलकट धूळ जशीच्या तशी होती. मग त्यांनी पावती वाचली आणि हसले. चौथी ओळ: टायमिंग बेल्ट, १,४००. के-टेनला बेल्ट नसतोच, चेन असते. बेल्ट ८०० ला. ती पावती माझ्या खिशात महिनाभर होती आणि मी स्वतःला सोता करणारं माणूस समजत होतो.

गॅरेजला गेलो तेव्हा मिस्त्री जराही बिचकला नाही. पोऱ्यानं चुकून दुसरी पिशवी दिली, म्हणाला. मग बेल्ट? लिहिताना चुकलं. मग खोललेल्या खुणा? यावर तो जे बोलला त्याला मी अजून मनातल्या मनात दाद देतो: "शंका आसंल तर खोलून दावतो की. खोलायची मजुरी तुमची."

वकील मित्रानं नोटीस लिहून दिली. ती पोचल्यावर १२ हजार फोनवर परत आले, सोबत निरोप की विषय संपवा. मी संपवलेला नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घातली आहे. मोबदला ५ लाखांच्या आत असला की तिथं फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद केली होती. माझ्या बाजूला आहे ते एवढं: २५ हजारांचा ऑनलाइन व्यवहार, त्याच्या हातची बेल्टची ओळ आणि ते दोन फोटो. रोख दिलेल्या १६,५०० चा पुरावा शून्य, पावतीवर सही नाही. मित्र म्हणतो, रोखीचं विसर.

आता गाडी कुठंही टाकायची झाली तर आधी कोड वाचून त्याचा फोटो काढतो, आणि जो पार्ट बदलणार म्हणतात त्याच्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका ठेवतो. परवा सस्पेन्शनच्या कामाला तो ठिपका बघून मेकॅनिक हसला, पण जुनी रबरं ठिपक्यासकट परत आली.

पिशवी पोर्चमधल्या फळीवर आहे, आयोगात दाखवायला लागेल म्हणून. कधीकधी वाटतं, हे पिस्टन ज्याच्या ८०० चे, त्यानंही जुने पार्ट मागितलेच असतील. त्याला कुणाचे दिले असतील कोण जाणे.