पीफॅम, सीडीडी की इंटरप्रो? प्रथिनाचं कूळ ठरवताना

पीफॅम, सीडीडी आणि इंटरप्रो हे प्रथिनांची कुळं आणि डोमेन्स (प्रथिनाचे स्वतंत्र घडीचे भाग) ओळखणारे डेटाबेस. अनोळखी प्रथिनाचा सिक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) तिन्ही ठिकाणी टाकला तर तिन्हीकडे उत्तर मिळतं, पण प्रत्येक उत्तर वेगळ्या प्रश्नाचं असतं. किनेज (इतर रेणूंना फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) घेऊन बघू.

अख्ख्या जीनोममध्ये किनेज किती, हे मोजायचं असेल तर पीफॅम. स्वतंत्र संकेतस्थळ आता बंद आहे, डेटा इंटरप्रोत मिळतो. पीफॅम-एची एचएमएम फाइल (प्रत्येक कुळाचं संख्याशास्त्रीय प्रारूप) उतरवा, हमर (HMMER) पॅकेजमधलं एचएमएमप्रेस चालवा (चार फाइली तयार होतात), मग त्यातलंच एचएमएमस्कॅन. 'कट-जीए' पर्याय विसरू नका. त्यात प्रत्येक कुळासाठी तज्ज्ञांनी ठरवलेला स्वतंत्र उंबरठा लागू होतो. सगळ्यांना एकच कडक ई-व्हॅल्यू (अशी जुळणी निव्वळ योगायोगानं किती वेळा येईल याचा अंदाज) लावली तर झिंक फिंगरसारखी जेमतेम २३ अवशेषांची (अमिनो आम्लांची) डोमेन्स हमखास गळतात. दुसरा खड्डा आकडे फुगवणारा: पीएफ00069 आणि पीएफ07714 ही किनेजची दोन कुळं एकाच क्लॅनमधली (नात्यातल्या कुळांच्या गटातली) असल्यानं दोन्ही त्याच भागावर बसतात. एचएमएमस्कॅन दोन्ही छापतो. जास्त स्कोअरचं एकच ठेवा. आणि डोमेन क्लोन करायचं असेल तर अलाइनमेंटच्या (प्रत्यक्ष जुळलेल्या भागाच्या) नव्हे, एन्व्हलपच्या (डोमेनच्या अंदाजे पूर्ण व्याप्तीच्या) सीमा बघा, नाहीतर टोकं छाटली जातात.

एखाद-दुसरंच प्रथिन असेल आणि 'हे किनेज काम करत असेल का?' असा प्रश्न असेल, तर आधी एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती केंद्राचं सीडीडी. सिक्वेन्स डोमेनच्या प्रोफाइल्सशी ताडणाऱ्या आरपीएस-ब्लास्टवर चालतं, निकाल झटपट येतो. खरा फायदा म्हणजे बऱ्याच डोमेन्समध्ये ते सक्रिय जागेचे अवशेष दाखवतं. पीकेए या नमुना किनेजमधली लायसिन 72, अॅस्पार्टेट 166 आणि अॅस्पार्टेट 184 यांच्या जागी तुमच्या प्रथिनात भलतंच काही असेल, तर ते स्यूडोकिनेज (किनेजसारखं दिसणारं, पण ते काम न करणारं) असू शकतं. पीफॅमचा दणदणीत स्कोअर हे सांगत नाही. मात्र 'स्पेसिफिक हिट' (नेमक्या डोमेनशी खात्रीची जुळणी) नसून फक्त सुपरफॅमिली (व्यापक गट) दिसली, तर नेमकं नाव लावायची घाई नको.

इंटरप्रो म्हणजे पीफॅम, सीडीडी, पँथर, प्रोसाइट, स्मार्ट अशा अनेकांची मोट. उपकुळापर्यंत जायचं तर पँथरची ओळ वाचा. प्रोसाइटच्या छोट्या पॅटर्नवर एकट्यावर विसंबू नका. एन-ग्लायकोसिलेशनचा चार अवशेषांचा पॅटर्न कुठेही सापडतो. एकाच डोमेनवर पाच डेटाबेसांच्या पाच ओळी येतात, म्हणून मोजणी इंटरप्रोच्या स्वतःच्या आयपीआर क्रमांकावरून करा, तीही जागा तपासून.

इंटरप्रोस्कॅन (इंटरप्रोत शोध घेणारा प्रोग्रॅम) स्वतःच्या यंत्रावर चालवायचा तर लिनक्स हवं आणि डिस्कवर भरपूर जागा. जीन-प्रेडिक्शनमधून आलेल्या सिक्वेन्समध्ये स्टॉप कोडॉनचा तारा (*) राहिला, तर तो तिथेच अडतो. शेवटचा तारा काढून टाका. मधोमध असेल तर जीन मॉडेलच तपासा.